तिसरी पायरी

पूर आल्यापासून मदतकेंद्राच्या फोनवर मीच बसले होते. साहेबांच्या मागे भिंतभर रंगीत नकाशा लावलेला होता, तो फक्त पाहुण्यांना दाखवायला. बोटी चालत होत्या त्या एका म्हाताऱ्याच्या भरवशावर. दर तासाला त्याचा फोन यायचा.

"बाई, लिहून घ्या. शाळेच्या गल्लीत विजेचा खांब आडवा पडलाय. वरून दिसणार नाही, बोट डावीकडून काढा."

चार दिवसांत त्याचा शब्द एकदाही चुकला नाही. पाणीखात्यातला कुणी जुना जाणता असणार, असं आम्ही धरून चाललो.

पाचव्या दिवशी मला राहवेना. "काका, जगाचं सांगताय, तुम्ही स्वतः कुठे आहात?"

"घरीच की. बाजारामागचं निळं फाटक. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलोय."

"वरून तिसरी की खालून?"

"जिना खालूनच मोजतात, बाई."

मी लगेच बोट पाठवली. अर्ध्या तासाने वायरलेसवर नावाडी वैतागलेला. "ताई, चेष्टा करताय का? या घराचं नुसतं छप्पर वर आहे. हाका मारून घसा बसला, इथे चिटपाखरू नाही."

तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, लिहून घ्या. बोट आत्ताच माझ्या डोक्यावरून गेली. तळाला चीर पडलीय तिच्या. लवकर मागे बोलवा."

मी लिहून घेतलं.