मिस्त्रींची पक्कड

मिस्त्रींच्या मते जगातल्या सगळ्या बिघाडांचं कारण एकच होतं, सून. कानस बोथट झाली, सुनेमुळे. लेथचा पट्टा तुटला, सुनेमुळे. चहा निवला, तो तर तिच्यामुळेच. चाळीस वर्षं नेमबाजी क्लबची पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला आता हातभर अंतरावरचा स्क्रू धड दिसत नव्हता, पण सुनेची चूक मात्र भिंतीपलीकडूनही दिसायची.

गेली सहा वर्षं दुकानातलं सगळं काम तीच करत होती. मिस्त्री खुर्चीत बसायचे आणि बोलायचे. त्यांचा मुलगा बस चालवायचा, आणि घरात भांडण पेटलं की तो नेमका पुढच्या स्टॉपवर असायचा.

शनिवारी सकाळी क्लबचा कप्तान आला आणि त्याने टेबलावर जुनं पिस्तूल आपटलंच म्हणायचं. त्याच्या आजोबांच्या वयाचं असेल ते. मॅगझिन काढून त्याने शेजारी ठेवलं.

"तिसऱ्यांदा आणतोय. आधी शेवटची रिकामी पुंगळी आतच अडकायची. तुम्ही म्हणालात, मॅगझिन बघतो. बघितलंत, आणि आता काडतूसच वर चढत नाही, नाक खाली घालून बसतं. उद्या जुन्या पिस्तुलांची स्पर्धा आहे. उद्या हे अडलं, तर क्लबची चाळीसच्या चाळीस पिस्तुलं दुसऱ्या दुकानात जातील. नंतर म्हणू नका सांगितलं नाही."

"मला काय सांगता? हिला सांगा," मिस्त्री म्हणाले. "मी हातसुद्धा लावला नाही. आणि क्लब गेला ना, तर त्याच दिवशी पुतण्याला बोलावून किल्ल्या त्याच्या हातात देतो. बाईमाणसाच्या हाती हत्यार दिलं, माझीच अक्कल गहाण पडली होती."

पुतण्याला दुकानातलं एकच यंत्र कळायचं, वजनकाटा. लेथ भंगारात किती भरेल, हे तो प्रत्येक वेळी आल्यावर डोळ्यांनी मोजून जायचा. म्हणजे आज हे पिस्तूल नीट चाललं नाही, तर सोमवारी तिचं दुकान नसणार होतं. तिला सासऱ्यांचा इतका संताप आला की हातातला ब्रश तिने खाली ठेवला. संतापलेल्या हाताने बारीक काम करायचं नसतं. हेही त्यांनीच शिकवलं होतं, हा आणखी एक ताप.

तिने त्याच जातीच्या दुसऱ्या पिस्तुलाचं चांगलं मॅगझिन काढलं, त्यात सात काडतुसं भरली आणि ती कप्तानाला मागच्या अंगणात वाळूच्या पेटीपाशी घेऊन गेली. मिस्त्री काठी आपटत मागून आलेच. सात गोळ्या सुटल्या. सहा रिकाम्या पुंगळ्या टणाटण उडून फरशीवर पडल्या. सातवी आत अडकली.

"बघा! मॅगझिन बदललं तरी तेच," कप्तान म्हणाला.

"म्हणूनच मॅगझिनचा दोष नाही," ती म्हणाली, आणि तिने एकच काडतूस भरलं. तीनदा. तीनपैकी दोनदा पुंगळी आतच राहिली.

"कप्तानसाहेब, पुंगळी ओढून काढायचं काम या आकड्याचं. याची स्प्रिंग मेली आहे, खाली मळ साचलाय. आकडा आळशी झालाय. मॅगझिनमध्ये खाली दुसरं काडतूस असलं, की ते वरच्या पुंगळीला आधार देतं आणि ती कशीबशी निघते. शेवटच्या पुंगळीखाली कुणीच नसतं. तिथे आकड्याचं पितळ उघडं पडतं."

"मग मॅगझिन कशाला दुरुस्त केलंत?"

"आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," ती म्हणाली. "मॅगझिनच्या तोंडाशी हे दोन ओठ असतात ना, काडतूस धरून ठेवणारे, ते कुणीतरी दाबलेत. म्हणून काडतूस खाली बसतं आणि नाक आपटतं. आधीचा दोष तसाच राहिला, आणि हा नवा वर."

"चांगलंच मॅगझिन लावू मग उद्या."

"चालेल का? तुमच्याच स्पर्धेचा नियम आहे, पिस्तुलाशी नंबर जुळणारंच मॅगझिन हवं."

कप्तानाने ओठ चावला. "कुणी दाबले हे?"

मॅगझिन उजेडात धरल्याबरोबर तिला ते कळलं होतं. दोन्ही ओठांवर बारीक तिरका ओरखडा होता, आणि तसा ओरखडा दुकानात एकच पक्कड उठवायची. मिस्त्रींची, जबड्याचा टवका उडालेली. तिला सुनेचा हात लागायचा नाही, असा दुकानाचा कायदा होता. ती वरच्या खणात कुलूपबंद असायची आणि किल्ली मिस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशात. रोज एक ते दोन सून घरी जेवायला जायची. तेवढा तास दुकानात ते एकटेच असायचे, ते आणि त्यांचे न दिसणारे डोळे.

"हिनेच दाबले," मिस्त्री म्हणाले. "दुसरं आहे कोण इथे?"

चोराच्या उलट्या बोंबा! सहा वर्षं तिने खूप ऐकून घेतलं होतं, पण परक्या माणसासमोर असं धडधडीत खोटं ते पहिल्यांदाच बोलले होते. तिची कानशिलं तापली. ती दुकानात परत आली, आकडा सोडवला, त्याच्या बेचक्यातला काळा मळ सुईने कोरून काढला, नवी स्प्रिंग बसवली. मग सासऱ्यांकडे वळली.

"मामंजी, ओठ उघडायला पक्कड द्या. तुमची."

मिस्त्रींचा हात खिशावर गेला आणि तिथेच थांबला. "तुझी वापर."

"माझीचा जबडा रुंद आहे. या ओठांत जात नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मी माझी पक्कड कुणाला देत नाही."

कप्तानाने घड्याळात पाहिलं. "मिस्त्री, पक्कड द्या, नाहीतर पिस्तूल द्या. मी निघतो."

पक्कड दिली तर टवका दिसणार, आणि नाही दिली तर चाळीस पिस्तुलं जाणार. म्हातारा चांगलाच कात्रीत सापडला होता. अखेर त्यांनी किल्ली काढली. पहिल्यांदा ती कुलपाच्या डावीकडे टेकली, मग वर, मग पुन्हा डावीकडे. कप्तान बघत राहिला. सून शेजारीच उभी होती. एरवी तिने हात धरून किल्ली भोकात घातली असती. आज तिने हात पुढे केला नाही, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

खण उघडला. तिने पक्कड घेतली, जबड्याभोवती कातड्याची पट्टी गुंडाळली, दोन्ही ओठ केसभर उघडले आणि बिनदारूचं काडतूस सरकवून पाहिलं. पुन्हा केसभर. मग तिघं वाळूच्या पेटीपाशी गेले. सात भरली, सात सुटली, सात पुंगळ्या फरशीवर. पुन्हा सात. तिसऱ्यांदाही सात.

कप्तान खूश झाला आणि खूश माणसं नको ते विचारतात. "ते कातडं कशाला गुंडाळलंत, ताई?"

"पत्र्यावर ओरखडा उठू नये म्हणून," मिस्त्रीच पुढे होऊन बोलले. "मी शिकवलंय तिला. आपोआप नाही येत हे."

"शिकवलंत खरं," ती म्हणाली. "पण स्वतः विसरलात."

कप्तानाने मॅगझिनवरचे तिरके ओरखडे पाहिले. मग टेबलावरची पक्कड उचलून, कातडं सोडून जबडा पाहिला. त्याने पक्कड अलगद खाली ठेवली, पिस्तूल पेटीत घातलं आणि जाताना, सहा वर्षांत पहिल्यांदाच, मिस्त्रींना सोडून तिचा निरोप घेतला.

तिने पक्कड खणात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या खिशात टाकली.

"किल्ली दे," मिस्त्री म्हणाले.

"नाही. उद्यापासून एक ते दोन दुकान बंद. जेवायला माझ्याबरोबर घरी यायचं."

"मी नाही येणार!"

"मग बाहेर पायरीवर बसा. मी कुलूप लावून जाणार."

"पुतण्याला बोलावतो. आत्ता बोलावतो!"

"बोलवा. त्याला तो आकडा दाखवा, आणि काय बिघडलं होतं ते समजावून सांगा. येतं का बघू."

मिस्त्रींनी हात पुढे पसरला, किल्लीसाठी. मग तिने सकाळचा चहाचा ग्लास उचलून त्या हातात ठेवला. किल्ली नव्हे, हे त्यांना धरल्यावरच कळलं. त्यांनी घोट घेतला.

"निवलाय," ते खेकसले.

"हो," ती म्हणाली. "माझ्यामुळेच."