केसरचा खोकला

केसर खोकल्यानं गेली, आणि तिसऱ्या आठवड्यात तिची शेळी अगदी तसाच खोकू लागली. आधी दोनदा कोरडं, मग एक लांब. तिच्या आईच्या, सारजाबाईच्या अंगावर काटा आला, मग डोळे भरून आले. लेक परत आली, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. नेकनुरात कुणी काही म्हणो, शेळी खोकली की ही हातातलं काम टाकून "आले गं केसर" म्हणत उठायची.

केसरची वर्षाची पोर झोळीत होती आणि ती त्याच शेळीच्या दुधावर वाढत होती. धार काढायची आणि गरम वाटी तशीच तोंडाला लावायची. केसरही आजारपणात तेच दूध प्यायची.

बाजाराच्या दिवशी बीडहून सलोत्री आला. सलोत्री म्हणजे निजाम सरकारचा ढोरांचा डॉक्टर, पाशामियाँ. त्यानं शेळीचा खोकला ऐकला, बरगड्यांना कान लावला, मानेवरचे केस कातरले आणि कातडीत सुई टोचली.

"मावशी, गाईला क्षय व्हतो, तसा शेळीलाबी व्हतो. दुधातून लेकराला जातो. तीन दिसांनी मी येतो. इथं सूज आली तर शेळी रोगी, मारावीच लागंल. तवर या जागेला हात लावू नका, आन दूध उकळूनच पाजा."

सारजाबाईनं मान डोलावली. उकळलं की दुधातला सगळा कस जातो, हे या शिकलेल्या माणसाला कोण सांगणार!

तिसऱ्या दिवशी सकाळी मानेवर लिंबाएवढी सूज होती. हात लावला तर शेळी कण्हली. लेक कण्हतेय आणि आईनं नुसतं बघत बसायचं? सूज आली की डाग द्यायचा, एवढं तिला आईपासून ठाऊक होतं. तिनं चुलीत विळा लाल केला आणि रडत रडत दोन डाग दिले.

दुपारी आलेल्या सलोत्र्यानं कपाळावर हात मारला.

"या अल्ला! आता ही सूज सुईची का डागाची, कसं वळखू मी? खरं सांगा मावशी, डागायच्या आदी सूज व्हती का?"

सारजाबाईनं शेळीकडं पाहिलं. हो म्हटलं तर शेळी जाणार, म्हणजे लेक दुसऱ्यांदा जाणार. उभ्या जन्मात ती कधी खोटं बोलली नव्हती.

"न्हाई सायेब, डागल्यावरच आली."

त्यानं आपली पिशवी उचलली. "दोन महिन्यांनी पुन्हा टोचू," म्हणाला. "दूध मातर उकळा."

तिनं उकळलं नाही. दोन महिने होत आले. सलोत्री यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ती दारात ज्वारी पाखडत बसली होती. मागं खोकला आला. दोनदा कोरडा, मग एक लांब.

"आले गं केसर," म्हणत ती वळली. शेळी खुंट्याशी उभी होती. बाभळीचा पाला चघळत, मुकाट.

खोकला पुन्हा आला. झोळी हलत होती.