बाळगोंडांचं नाक

"ह्ये कुनाचं ओ?" राजमतीआक्कांनी विचारलं आणि परका पुरुष समोर आल्यासारखा पदर पुढं ओढला.

खुर्चीत त्यांचे यजमान बाळगोंडाच बसले होते, निपाणीकडचे शेतकरी. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये नाक गेलेलं. बेळगावच्या दवाखान्यात मारुतीरावांनी त्या जागी मेणाचं नाक टेकवून पाहिलं होतं. ते पसंत पडलं की तसंच कातडीच्या रंगाचं, मऊ रबरासारखं पक्कं नाक ओतायचं.

मारुतीरावांचा चेहरा पडला. येळ्ळूरच्या या मूर्तिकाराचा निम्मा जन्म गौरीचे मुखवटे आणि चौकांतले पुतळे घडवण्यात गेला. पुढे इथल्या डॉक्टरांनी बोलावलं, तेव्हा पन्नाशीतला हा गडी पोरांच्या बाकावर बसून हाडं, स्नायू आणि रसायनं शिकला. कान केले, बोटं केली. पण हाताची खोड जाते कुठं! आजही गौरीचंच नाक झालं होतं, सरळ आणि धारदार.

"झाक झालंय की. ऱ्हाऊ दे," बाळगोंडा समजुतीनं म्हणाले.

"झाक हाय, पर तुमचं न्हाय." आक्कांनी मान हलवली. "वरीस झालं, माज्यासमोर जेवला न्हाईसा. भिंतीकडं तोंड करून जेवताय. आता ह्या परक्या मानसाला वाढू व्हय मी?"

नमुन्याला फोटो होता तो लग्नातला, पार पुसट झालेला. मारुतीराव घुटमळले. त्यांच्या कामाला दुसऱ्यानं बोट लावलेलं त्यांना कधी खपलं नव्हतं. शेवटी त्यांनी मेण गरम पाण्यात मऊ केलं आणि आक्कांपुढं धरलं.

"मला काय जमंना. तुमीच करा, आक्का."

"मला काय येतंय, अण्णा?"

"डोळं झाका नि हातानं आठवा."

आक्कांनी डोळे मिटले. चाचपत शेंडा जाड केला. "तरनेपनी बैलानं शिंग मारलतं, तवा हितं वाकलतं," म्हणत अंगठ्यानं डावीकडं दाबलं. मारुतीराव बघतच राहिले. नंतर त्यांनी कडा तेवढ्या बारीक केल्या, कातडीची छिद्रं उठवली. तो दाब मात्र तसाच ठेवला.

पुढच्या आठवड्यात पक्कं नाक बसलं. आक्कांनी जवळ येऊन निरखलं आणि नवऱ्यावर खेकसल्या, "मिशा केवड्या वाडिवल्यात ओ! बघायला कोन न्हवतं म्हनून?"

बाळगोंडा खुदकन हसले. जैनांच्या नेमाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून आक्कांनी तिथंच डबा सोडला आणि नवऱ्यासमोर बसल्या. मारुतीरावांच्याही हातावर भाकरी ठेवली. या वयात आणखी एक गुरू भेटला, देवानं किती द्यावं, असं वाटून त्यांचे डोळे भरले. भाकरी घेऊन ते खिडकीपाशी गेले आणि त्या दोघांकडं पाठ करून सावकाश खाऊ लागले.