सासूबाईंचा ‘जरा’

सासूबाईंच्या ‘जरा’ला शेपूट असतं, हे मला लग्नानंतर आठवडाभरातच कळलं होतं. ‘जरा ते कपाट सरकव’ म्हणाल्या, की कपाटामागची भिंत पुसायची, पुसता पुसता दिसलेला गंजका खिळा उपटायचा, आणि त्या खिळ्याचं भोक बुजवेपर्यंत दिवेलागण झालेली असायची. सासरे म्हणतात, ही एकदा म्हणाली होती, जरा एक खोली वाढवू या, तेव्हापासून मी बांधतोच आहे.

तर चार दिवसांची सुट्टी काढून आम्ही गावाकडच्या घरी गेलो होतो. मी विश्रांतीला चालले आहे, असं ऑफिसात सगळ्यांना सांगून आले होते.

माझी साडेचार वर्षांची लेक दिसेल ती वस्तू उचलून कुठेतरी साठवते, म्हणून घरात तिला सगळे खारू म्हणतात. तिने पहिल्याच दिवशी परसात संसार थाटला. दोन दोऱ्यांवर रजया उन्हात घातल्या होत्या, त्यांच्या मधली बोळकांडी म्हणजे तिचं घर. आत एक पालथी बादली, दोन वाट्या, कुठूनसा पैदा केलेला चमचा. घर लागल्याबरोबर ती आमंत्रण घेऊन आली. आईने चहाला यायचं, नक्की यायचं.

मी शेंगा सोलत होते. म्हटलं, ‘जरा थांब, आलेच.’

त्या दिवशी शेंगांनंतर पाण्याची टाकी निघाली. दुसऱ्या दिवशी उशांमधला कापूस बाहेर आला, कारण सासूबाईंना एक उशी जरा कडक वाटली होती. खारू मधून मधून यायची, चहा तयार आहे म्हणून सांगायची, माझं ‘आलेच’ घेऊन परत जायची. एकदा तिने जरा म्हणजे किती, असंही विचारलं. मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं, एवढंसं. ते माप ती तसंच बोटांत धरून, सांडू न देता, परसात घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने आमंत्रण दिलंच नाही. दारात उभी राहून नुसती म्हणाली, ‘कोंबडी दोनदा येऊन गेली. तू एकदाही नाही.’

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. सासूबाईंच्या ‘जरा’ला मी पाठीमागे मनसोक्त हसत होते, आणि माझा स्वतःचा तीन दिवस लांबला होता. मी तिला शब्द दिला, की उद्या जेवणं आटोपली की पहिली तुझ्याकडे. उद्या पावणेपाचच्या बसने आम्ही निघणार होतो.

चौथ्या दिवशी जेवणं आटोपली. मी हात पुसले, परसाकडे वळले, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘अगं, जरा तो वरच्या फळीवरचा डबा दे.’

डबा दिला. त्याच्या बुडाला चिकट लागलं. मग शेजारचाही बघितला. अर्ध्या तासात एकोणीस डबे ओट्यावर आणि एकोणीस झाकणं पाण्यात. साडेतीनला झाकणं पुसून जोड्या लावायला घेतल्या, तर साखरेचा डबा उघडाच राहिला. मोजून अठरा झाकणं. तिकडे मुंग्यांना वास लागलेला.

सासूबाई म्हणाल्या, झाकणाला काय पाय फुटले? नवऱ्याने टॉर्च घेऊन कपाटाखाली डोकं घातलं. सासऱ्यांनी खुर्चीत बसूनच खिसे चाचपले. मला मात्र एकदम लख्ख उमगलं, की झाकणाला पाय फुटले होते, छोटे, मातीने माखलेले, साडेचार वर्षांचे.

‘मी बघून येते,’ मी म्हटलं.

‘मीही येते. तू गेलीस की तिकडेच रमशील.’ सासूबाईंनी पदर खोचला.

रजयांच्या दाराशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. आत खारू पाठमोरी बसून काहीतरी ढवळत होती. तिने मान वर न करता सांगितलं, ‘जरा थांबा. मी कामात आहे.’

आम्ही थांबलो. उन्हाचे चटके बसत होते. सासूबाईंनी रजई बाजूला सारून आत पाहिलं, तर एक वाटी बाहेर आली.

‘आजी, जरा ही धुऊन आण.’

सासूबाई मुकाट्याने नळावर जाऊन वाटी धुऊन आल्या. मग ती जरा पुसून हवी होती. मग ती ठेवायला जागा जरा सपाट करून हवी होती. पाठीला हात लावत त्या उठल्या आणि माझ्याकडे बघितलं.

‘हे हिने कुठून उचललं?’

‘काय माहीत, आई. घरातच सापडलं असेल.’

त्यांनी ओठ आवळले. हसू दाबायची त्यांची ती पद्धत मी ओळखते.

अखेर आत प्रवेश मिळाला. मला बादली, आजीला वीट. साखरेच्या डब्याचं झाकण पाण्याने काठोकाठ भरून, वर एक पान तरंगवून, खारूने ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. कोंबडीही आली आणि हक्काने मधोमध बसली.

तेवढ्यात ओसरीवरून नवऱ्याची हाक आली. बॅगा बाहेर काढल्यात, बसला वीस मिनिटं राहिली आहेत, आता निघायला हवं.

खारूने माझ्याकडे बघितलं. आता मी काय म्हणणार हे तिला पाठ होतं. तिने झाकण खाली ठेवलं आणि वाट्या एकात एक घालायला लागली.

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच शेजारच्या विटेवरून आवाज गेला.

‘जरा थांब रे. चहा व्हायचाय आमचा.’

रजईच्या फटीतून मला ओसरी दिसत होती. नवऱ्याने दोन्ही बॅगा पुन्हा आत नेऊन ठेवल्या, पायरीवर येऊन बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. आईचा ‘जरा’ तो जन्मल्यापासून ओळखतो.