काचपेटीतला कोट

सकाळी आठ वाजता सिंधूताईंनी धाड गावच्या युद्धस्मृती संग्रहालयात जाऊन नवऱ्याचा, इंद्रभान यांचा, लष्करी कोट परत मागितला. एकाहत्तरच्या लढाईतला तो कोट इंद्रभान यांनी दिवाळीत हौसेनं संग्रहालयाला दिला होता. आता थंडीनं त्यांची छाती भरली होती आणि दुसरं काही अंगावर घ्यायला ते तयार नव्हते.

“काकू, आज शाळेची पोरं कोट पाह्याले येऊन राह्यली,” संग्रहालय सांभाळणारी दीपमाला म्हणाली.

“मंग माणसासकट दाखव ना!”

इंद्रभान कोट घालून रिकाम्या काचपेटीशेजारी बसले. एका मुलीनं बाही चाचपली.

“आजोबा, लढाईत थंडी वाजे काय?”

“वाजे. तिकडच्या पोरायलेही वाजे.”

उन्हाळ्यात कोट परत देणार का, हे सिंधूताईंनी अजून सांगितलेलं नाही.