तीन घाणे

लेकीने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, कडी घातली, वरच्या फटीत जुना टॉवेल कोंबला आणि दारही ओढून घेऊन त्याला पाठ लावून स्टुलावर बसली.

"कर सुरू," ती म्हणाली. "तीन घाणे. मध्ये बाहेर जायचं नाही."

"तुला तुरुंगावरच नेमायला हवं होतं," असं म्हणून घड्याळबाईने गॅस पेटवला.

घड्याळबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. कोळंबीच्या कारखान्यात, उकडायच्या शेडमध्ये, ती बावीस वर्षं एकाच काहिलीवर उभी होती. काहील म्हणजे आत माणूस बसून आंघोळ करील एवढी. कोळंबी उकळत्या पाण्यात पडली की तिचं सगळं आयुष्य दोन-अडीच मिनिटांचं असतं. आधी काढली तर कच्ची, नंतर काढली तर रबर. बाकीच्या बायका भिंतीवरचा काटा बघायच्या. ही शेजारणीशी तिच्या सुनेबद्दल बोलत राहायची, आणि मध्येच म्हणायची, "काढ." ती कधी चुकली नाही. पुढेपुढे शेजारच्या काहिलींवरूनही हाका येऊ लागल्या, "घड्याळबाई, काढू का?" ही मान न वळवता सांगायची, "थांब जरा." या नावाचा तिला इतका अभिमान की भाजीवाल्यालाही तिने एकदा ते कसं पडलं ते सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि मेथीचे पैसे मागितले.

धाप लागू लागली त्याला दोन वर्षं झाली. शेडमध्ये त्याला बर्फाची धाप म्हणायचे. एकीकडे उकळतं पाणी, दुसरीकडे बर्फाची खोली, मग छातीत गारठा बसणारच, असं सगळ्यांचं पिढीजात शास्त्र. गरम पाणी प्यायचं, दोन दिवस कुरकुरायचं आणि पुन्हा उभं राहायचं. घड्याळबाईनेही तेच केलं. सहा आठवड्यांपूर्वी मात्र ती काहिलीच्या कडेलाच कोसळली. आणखी हातभर पुढे कोसळली असती तर ही गोष्ट सांगायला उरलीच नसती.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बर्फाचा काही संबंध नाही, कोळंबीची वाफ सोसत नाही. वर्षानुवर्षं सोसते आणि मग एक दिवस सोसेनाशी होते. एकदा सोसेनाशी झाली की सुटका नाही, तिच्यापासून लांबच राहायचं. नाहीतर पुढच्या वेळी श्वासाच्या औषधाचा पंप तोंडाशी न्यायलाही वेळ मिळणार नाही. एवढं सगळं ऐकून घड्याळबाईने त्यातलं "सहा आठवडे विश्रांती" तेवढं घरी आणलं. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी. विश्रांतीत श्वास मोकळा झाला, तेव्हा तर ती जिंकल्यासारखीच बोलू लागली. "बघा, बर्फापासून लांब राहिले आणि बरी झाले की नाही?"

सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. लेक त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. ती नको म्हणत होती. काल दोघींची चांगलीच जुंपली, तेव्हा घड्याळबाईचा नवरा, जो दिवसभर बस चालवून घरी फक्त शांतता मागायचा, उठून गॅलरीत जाऊन बसला. शेवटी लेकीनेच तोड काढली. ती किलोभर कोळंबी आणील. आईने ती घरी उकडायची, शेडसारखं सगळं बंद करून. काही झालं नाही तर लेक पुन्हा एक शब्द बोलणार नाही. झालं, तर सोमवारी राजीनामा. पंप लेकीच्या खिशात राहील.

घड्याळबाई हो म्हणाली, कारण नाही म्हणणं म्हणजे घाबरणं. आणि एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. तीही घाबरली होती.

पाण्याला कढ यायला लागले. तिने मीठ टाकलं, पळीने थेंबभर तळहातावर घेऊन चाटून पाहिलं, आणखी चिमूटभर टाकलं. शेजारी परातीत बर्फाचं पाणी तयार होतं. कोळंबी ताजी होती, करडी, पारदर्शक, मिशा शाबूत.

तिने मनाशी बेत केला होता. वाफेची वागणूक तिला नवऱ्याच्या वागणुकीपेक्षा जास्त ठाऊक. कोळंबी पडली की पाणी दबतं, वाफ बसते. पुन्हा उकळी फुटली की पहिला लोट येतो, तो सगळ्यात वाईट. तेव्हा श्वास घ्यायचाच नाही. मग नळाकडे वळायचं, हात धुतल्यासारखं करायचं, खाली वाकून अर्धा घोट हवा घ्यायची आणि पुन्हा चुलीशी यायचं. चाळीस आकड्यांपर्यंत तिला श्वास रोखता येत होता. विश्रांतीत तिने तेवढाच एक व्यायाम केला होता.

पहिला घाणा पडला. पाणी दबलं. तिने छाती भरून घेतली आणि ओठ मिटले. लोट आला, तोंडावरून गेला, केसांत शिरला. एक, दोन, तीन. कोळंबीला गुलाबी कड फुटली. वीस. शेपट्या कोयत्यासारख्या वाकू लागल्या. तीस.

"गप्प का तू?" लेक म्हणाली.

घड्याळबाईने नुसता हात हलवला. बोलायचं म्हणजे श्वास सोडायचा, आणि सोडला की घ्यावा लागणार.

"आई, बोल काहीतरी. तू आणि गप्प?"

तिने झाऱ्याने कोळंबी उपसली, परातीत ओतली, नळाकडे वळली, वाकली, आणि घोटभर हवा घेऊन म्हणाली, "तुझं लक्ष माझ्या तोंडाकडे की कोळंबीकडे?"

लेक हाताची घडी घालून, मान खाली घालून बसली होती. रुसली आहे, घड्याळबाईला वाटलं. हरायला लागली की ही लहानपणापासून अशीच बसते.

दुसऱ्या घाण्याला खोलीचं रूप बदललं. भिंतीवरच्या फरशीवर थेंब धरले. डब्यांच्या पत्र्यावरून पाणी ओघळलं. तो वास, खारट, गोडूस, बावीस वर्षं अंगाला चिकटलेला, सगळीकडे बसला. आता नळापाशीही वाफ होती. तिथे घेतलेली हवा घशातून उतरताना खरवडत गेली. तिने ती तशीच गिळली.

तिच्या मनात शेड होती. काहील म्हणजे नुसतं काम नव्हतं. तिथला नियम कडक होता. काहील एक दिवससुद्धा मोकळी ठेवायची नाही. जिची ती आजारी पडली, तर तिच्या घरातलं कुणी उभं राहिलं तरच जागा टिकते, नाहीतर दुसरीच्या नावावर जाते. घड्याळबाईने स्वतः हा नियम कितीतरी जणींना ऐकवला होता, आणि ऐकवताना तिला फारसं वाईटही वाटलं नव्हतं. पण तिची जागा मात्र राखून ठेवली होती. लेकीनेच येऊन सांगितलं, "सुपरवायझर म्हणाले, घड्याळबाई येईपर्यंत आम्ही सांभाळू." बावीस वर्षांची कदर केली माणसाने, असं म्हणून तिने डोळे पुसले होते. स्वतःची स्तुती माणूस तपासून घेत नाही.

"दोन झाले," ती म्हणाली. दोनच शब्द, म्हणून परवडले.

लेकीने मान हलवली. वर पाहिलं नाही.

तिसरा घाणा. हा झाला की सोमवार तिचा. तिने उरलेली सगळी कोळंबी एकदम टाकली. पाणी दबलं. तिने श्वास घेतला, आणि तो पुरता आत गेलाच नाही. छातीच्या मध्यावर कुणीतरी हात आडवा धरल्यासारखा अडला. तिने ओट्याची कड पकडली. उकळी फुटली. एक, दोन, तीन, चार.

दहाव्या आकड्याला तिला शिट्टी ऐकू आली.

बारीक, लांब, शेवटी तुटणारी. ही शिट्टी तिला चांगलीच परिचयाची होती. दोन वर्षं रात्री उशाशी तीच तर होती. संपलं, तिच्या मनात आलं. आता लेक उठेल, पंप काढेल आणि सोमवार गेला. तिने पाठ वळवली, छाती आवळली, शिट्टी दाबून टाकायला ओठ घट्ट केले. तोंड बंद, नाक बंद, आत जात नाही की बाहेर येत नाही. एक आकडा. दोन आकडे.

शिट्टी चालूच होती.

घड्याळबाईला हे कळायला एक क्षण लागला. माणसाने श्वास थांबवला तर त्याची छाती वाजत नाही. तिची छाती गप्प होती. तिने वळून पाहिलं. लेक स्टुलाच्या टोकावर सरकली होती, कोपरं गुडघ्यांवर रोवलेली, खांदे कानांपर्यंत चढलेले, आणि पदराआड तोंड झाकावं तसं तिने ओढणीआड तोंड धरलं होतं.

पुढचं तिने कसं केलं ते तिला नंतर नीट आठवेना. टॉवेल ओढून काढला, खिडकी उघडली, गॅस बंद केला की नाही कुणास ठाऊक, आणि लेकीला काखेत हात घालून उचलून गॅलरीत आणलं. तिसरा घाणा पाण्यातच राहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तो वेटोळं होऊन रबर झाला, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

लेकीने खिशातून पंप काढला. हलवला, श्वास सोडला, दाबला, ओढला, थांबली. मोजून मिनिटभराने पुन्हा. न बघता, न चाचपडता. हे हात नवखे नव्हते.

"कधीपासून?" घड्याळबाईने विचारलं.

"बोलू नकोस. जरा थांब."

"कधीपासून विचारते मी."

लेक कठड्याला टेकली. तिचे ओठ पुन्हा माणसाच्या रंगाचे होत होते. "तू पडलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुझ्या काहिलीवर मी आहे. धाप मागच्या महिन्यात लागली."

"आणि सुपरवायझर जे म्हणाले..."

"ते काही म्हणाले नाहीत. घरातलं कुणी उभं राहतंय का, एवढंच विचारलं."

महिनाभर ही पोरगी उकाड्याचं निमित्त करून बाहेरच्या खोलीत झोपत होती. तिच्या केसांना पॅकिंगचा नव्हे, उकळीचा वास येत होता. सगळ्या शेडचं पाणी डोक्यात मोजणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातली छाती ऐकू आली नाही. तिला स्वतःचा इतका राग आला की दात दुखले.

"झोप लागते?" तिने विचारलं.

"बसून लागते."

"अशी पुढे वाकून? कोपरं गुडघ्यावर?"

"हो."

"कुणी सांगितलं तसं बसायला?"

"कोण सांगणार? तुझं बघूनच," लेक म्हणाली. "तू दोन वर्षं तशीच बसत होतीस की."

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या, कारण एकमेकींकडे बघवत नव्हतं.

"मला वाटलं होतं पहिल्याच घाण्याला तू बाहेर पळशील," लेक म्हणाली. "तेवढं माझं निभेल, असा हिशोब होता. तू हललीच नाहीस. तीन घाणे झाले, तुला काही झालं नाही. म्हणजे डॉक्टर चुकले." ती जरा थांबली, श्वास जमवला. "मी शब्द दिलाय. सोमवारी तू जा. मी पॅकिंगला परत जाते."

तिने हे अगदी सरळपणे म्हटलं, आणि तिच्या आवाजात सुटका होती. ती लपवायला तिच्याकडे श्वास उरला नव्हता. घड्याळबाईने ती ऐकली. एवढंच करायचं होतं, गप्प राहायचं होतं. काहील तिची, नाव तिचं, लेकही वाफेतून सुटली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे आपली छाती जाणे आणि आपण जाणे.

पण मग लेकीला उद्या आई पडल्याचा निरोप पॅकिंगच्या टेबलावर मिळेल. आणि काहील मोकळी ठेवता येत नाही. ती पुन्हा तिथे जाऊन उभी राहील. शहाणी असूनही उभी राहील, कारण तसं उभं राहायचं असतं हे तिने घरातच बघितलं आहे. खाण तशी माती.

"मी श्वास घेतलाच नाही," घड्याळबाई म्हणाली.

"काय?"

"आत. वाफ आली की रोखत होते. चाळीसपर्यंत. नळापाशी चोरून घेत होते. तिसऱ्याला मला लागलीच होती. तुझी शिट्टी ऐकली तेव्हा मला ती माझीच वाटली." एवढं सलग बोलल्यावर तिच्या छातीतूनही बारीक सूर निघाला. तिने तो दाबला नाही. "डॉक्टर बरोबर आहेत. मला तेव्हाच कळलं होतं."

लेक कठड्यापासून सरळ झाली. "तू माझ्याशी लबाडी केलीस."

"तू कमी केलीस का?"

दोघींपैकी कुणालाही हसू आलं नाही.

"आता सोमवारी?" लेकीने विचारलं.

"सोमवारी मी जाते आणि राजीनामा देते. आणि तू पॅकिंगचंच काम करतेस, असं सुपरवायझरला तुझ्यादेखत सांगते. उद्या सकाळी दोघींनी डॉक्टरांकडे जायचं. मी आधी सगळं खरं सांगेन, मग तू."

"दोघींपैकी एक तरी उभी राहिली नाही तर जागा जाते, आई. दुसरीच्या नावावर चढली की परत मिळत नाही. तूच सांगायचीस सगळ्यांना."

"जाऊ दे."

"बावीस वर्षं आहेत ती."

"माझी आहेत ना? जाऊ देत. तुझी वर्षं मला त्यात घालायची नाहीत."

हे बोलताना तिचा आवाज खणखणीत होता. मग तिला आठवलं, सोमवारी काहिलीवर कुणीतरी दुसरी बाई असेल, आणि ती दोन्ही बाजूंना बघून विचारील की काढायचं कधी. खांदे हलू लागले, श्वास तुटून तुटून यायला लागला, आणि तिने तोंडावर पदर धरला.

लेकीने झटकन पंप हलवून तिच्या तोंडाशी नेला.

"नको," घड्याळबाईने तिचा हात बाजूला केला. "दम नाही लागला गं. रडतेय मी."

लेकीने पंप खिशात ठेवला नाही. तो तसाच मुठीत धरून ती आईच्या शेजारी खाली बसली, आणि आईचा प्रत्येक श्वास येतो आहे ना, ते ऐकत राहिली.