काचेवरची टकटक

"काय म्हणाले डॉक्टर? घरी कधी?" बाबांनी हॉस्पिटलातल्या उशीवरूनच विचारलं.

"इतक्यात नको म्हणाले," मुलगी म्हणाली आणि उगाच त्यांचं पांघरूण सारखं करत राहिली.

"त्यांना म्हणावं, तुमच्या चहापेक्षा तुमचं औषध गोड आहे."

दोघं हसली. डॉक्टर तसं काही म्हणालेच नव्हते. न्यायचं की नाही, हे त्यांनी तिच्यावर सोपवलं होतं. घरी आपल्याच्याने निभेल का, या धास्तीने ती खोटं बोलली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा तिथेच वारले.

त्यानंतर पाचव्या सकाळी घरी बाबांच्या बंद खोलीतून टकटक ऐकू आली. तीनदा वाजलं, थांबलं. पुन्हा तीनदा. दार उघडलं तर आत कोणी नाही. खिडकीबाहेर काळा-पांढरा दयाळ पक्षी काचेवर चोच आपटत होता.

"दादाच गं," आत्या कुजबुजली. "घरी यायचं राहून गेलं ना त्याचं."

असल्या गोष्टींवर मुलीचा विश्वास नव्हता. तरी ती रोज पहाटे त्या पलंगावर जाऊन बसू लागली. पक्षी आपल्याकडेच रोखून बघतोय, असं तिला वाटे. खिडकी उघडली की उडून जाई, लावली की परत हजर. खरं काय ते तिच्या ओठांवर येई आणि तिथेच अडे. चौथ्या दिवशी काचेवर लाल ठिपके दिसले.

त्याच दिवशी काचवाला दुसऱ्या खिडकीला ऊन अडवणारी फिल्म लावायला आला. ठिपके बघून त्याने सामान खाली ठेवलं.

"ताई, बाहेरून या काचेचा आरसा झालाय. विणीचे दिवस आहेत. स्वतःचंच रूप बघून त्याला वाटतंय, दुसरा नर आपल्या जागेत घुसलाय. आत कोण बसलंय, त्याच्या गावीही नाही. खाणंपिणं सोडून भांडत राहील."

"काहीतरीच! आमचा माणूस आहे तो," आत्या म्हणाली.

"असेल, मावशी. मग आपल्या माणसाला असं डोकं आपटू द्याल?"

आत्या काचेजवळ जाऊन ते ठिपके बघू लागली.

"आरसा करणारी ही फिल्म मीच लावली होती," तो हळूच म्हणाला. "बाहेरून साबण फासा. रूप दिसलं नाही की भांडण संपेल."

टकटकही संपेल. मग बोलायचं कुणाशी? बादली घेऊन मुलगी बराच वेळ उभी राहिली. आपलं मन हलकं व्हावं म्हणून चार दिवस आपण एका जिवाला रक्तबंबाळ होताना बघत बसलो, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. वाचकहो, श्रद्धेच्या नावाखाली आपण असं किती काय चालू देतो! दुःख आपलं असतं. ते वाहायला दुसऱ्या जिवाला जुंपू नये.

तिने काचेला साबण फासला.

दुसऱ्या सकाळी खोलीत दुधी उजेड होता आणि कसलाही आवाज नव्हता. ऐकायला कोणी नाही हे पक्कं ठाऊक असताना ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, डॉक्टर नको म्हणाले नव्हते. मी म्हणाले."